खांद्याचा हिशेब

आपल्या मराठीत खांदा हा मोठा कामाचा शब्द आहे. बरोबरीने काम करायचे तर आपण खांद्याला खांदा लावतो. मंत्रिमंडळातली माणसे बदलली की वर्तमानपत्रे खांदेपालट झाला म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, ती खांदेमळणी. आणि अखेरीस, तिरडी असो की जनाजा, माणसाला चार खांदे लागतातच. इतके ओझे या एका शब्दावर आपण टाकले. पण खांदा फाटतो, हे आपल्याला फारसे माहीत नसते. हाड मोडते, सांधा निखळतो, मान लचकते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण खांदा आतून कापडासारखा विरतो, फाटतो आणि शल्यवैद्य तो शिवतात, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांचीच आहे. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयाकडे वळलो तो थोरल्या भावामुळे. भाईजान व्यवसायाने शिंपी. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचा उजवा हात वर जाईना. फळीवरचा कापडाचा तागा काढता येईना. नमाजाला उभे राहिले की तकबीरसाठी डावा हात कानापर्यंत जाई, उजवा छातीपाशीच थांबे. रात्री त्या कुशीवर झोप नाही. एमआरआय झाला आणि 'रोटेटर कफ मोठा फाटला आहे' असे निदान झाले. भाभींनी लगेच शंका काढली, "कफ छातीत असतो, तो खांद्यात कसा गेला?" भाईजान त्या दुखण्यातही हसले. म्हणाले, "अगं, हा कफ सदऱ्याच्या बाहीचा!" शिंप्याला तो शब्द कोणी समजावून सांगावा लागला नाही.

पुढे तीन डॉक्टरांनी तीन उपाय सांगितले. एक म्हणाले, शिवून टाकू. दुसरे म्हणाले, आता शिवण धरणार नाही, सांधाच बदलू. तिसरे म्हणाले, आधी काही महिने नुसता व्यायाम करा. तिघेही आपल्या कामात जाणते होते. मग तिघांचे मत वेगळे का? हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता बॉस्टनच्या एका हट्टी माणसापाशी जाऊन पोहोचलो. त्याच्याकडे जाण्याआधी खांद्याची रचना थोडी समजून घेऊ.

रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून आपल्याच हातांचे चित्र करू. डाव्या हाताची मूठ वळा. ती मूठ म्हणजे दंडाच्या हाडाचा वरचा गोळा. आता उजव्या हाताची चार बोटे त्या मुठीवर पसरून ती घट्ट धरा. ही बोटे म्हणजे खवाट्यापासून निघालेले चार स्नायू. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. या चौघांच्या कंडरा गोळ्यापाशी एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा एक पट्टा होतो. तोच रोटेटर कफ. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ असते. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. हात वर उचलण्याचे मोठे बळ बाहेरच्या त्रिकोणी स्नायूचे, म्हणजे डेल्टॉइडचे. पण तो गोळ्याला नुसता वर ओढतो. त्याच वेळी गोळ्याला बशीत दाबून धरण्याचे काम कफचे. कफ मोठा फाटला की गोळा वर सरकतो, खांद्याच्या हाडाच्या छपराला टेकतो आणि हात उचलायला गेले तरी खांदाच नुसता उचकतो.

असा फाटलेला कफ पाहून त्याची नीट नोंद करणारा पहिला माणूस म्हणून लंडनच्या जे. जी. स्मिथ यांचे नाव घेतात. त्यांनी १८३४ साली 'लंडन मेडिकल गॅझेट'मध्ये शवविच्छेदनात पाहिलेल्या सात खांद्यांचे वर्णन दिले. पण ते मृतांचे खांदे होते. जिवंत माणसाचा कफ शिवण्याचे तुरळक प्रयत्न जर्मनीत आधी झाल्याचे सांगतात. तरी या शस्त्रक्रियेची खरी सुरुवात मानली जाते ती बॉस्टनच्या अर्नेस्ट एमरी कॉडमन यांच्यापासून. १९०९ साली त्यांनी खांदा उघडून तुटलेली कंडरा हाडाशी शिवली आणि १९११ साली अशा दोन रुग्णांची हकीकत छापली.

कॉडमन यांचा जन्म १८६९चा. शिक्षण हार्वर्डचे, नोकरी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नामांकित रुग्णालयात. सगळे काही सुखाचे चालले असते. पण त्यांना एका साध्या प्रश्नाने पछाडले होते. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला. पुढे त्याचे काय झाले? एक वर्षाने तो बरा आहे का? नसेल तर का नाही? चूक रोगाची, शल्यवैद्याची की रुग्णालयाची? त्यांनी प्रत्येक रुग्णामागे एक छोटे कार्ड ठेवायला सुरुवात केली. त्यावर तक्रार, निदान, उपचार, गुंतागुंत आणि निदान वर्षभराने दिसलेला शेवटचा परिणाम. प्रत्येक रुग्णालयाने असे हिशेब ठेवावेत आणि ते लोकांपुढे मांडावेत, हा त्यांचा आग्रह होता.

आज हे ऐकून आपल्याला वाटेल, यात भांडण्यासारखे काय? पण त्या काळी शल्यवैद्याला बढती मिळे ती सेवाज्येष्ठतेने. कोणाचे रुग्ण किती बरे होतात, हे विचारणे म्हणजे ज्येष्ठांचा अपमान. कॉडमन यांनी १९१४ साली रुग्णालयाचा राजीनामा दिला. त्याआधीच, १९११ साली, त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले होते. तिथून १९१६पर्यंत ३३७ रुग्ण बरे होऊन किंवा न होऊन घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी स्वतः मोजून छापल्या. आपल्या चुकांची यादी छापून ती दुसऱ्या रुग्णालयांना पाठवणारा डॉक्टर तेव्हाही विरळा होता आणि आजही विरळाच आहे.

जानेवारी १९१५मध्ये तर त्यांनी कळसच केला. बॉस्टनच्या शल्यवैद्यांची सभा, अध्यक्ष स्वतः कॉडमन. सभेच्या अखेरीस त्यांनी एका मोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा काढला. चित्रात एक शहामृग वाळूत डोके खुपसून उभा आहे आणि मागच्या मागे सोन्याची अंडी डॉक्टरांकडे लाथाडतो आहे. शहामृग म्हणजे शहरातली धनिक वस्ती. तिला खरे परिणाम कळले तर ती अशीच सोन्याची अंडी देत राहील काय, असा चित्राचा रोख होता. सभेत गोंधळ उडाला. अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधली शिकवण्याची जागा गेली, रुग्ण पाठवणारे डॉक्टर दुरावले. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९२० साली हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९३४ साली 'द शोल्डर' हा मोठा ग्रंथ पदरमोड करून छापला. नुसत्या खांद्यावर एवढा ग्रंथ तोवर कोणी लिहिला नव्हता.

खांद्याचा कफ शिवणारा आणि रुग्णालयाकडे हिशेब मागणारा हा एकच माणूस होता, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कारण त्यांच्यानंतर खांद्यावर जे जे उपाय निघाले, त्यांचे भवितव्य अखेर त्या कार्डावरच्या शेवटच्या ओळीनेच ठरले.

पहिले उदाहरण छपराचे. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर हे खांद्याच्या शस्त्रक्रियेतले फार मोठे नाव. १९७२ साली त्यांनी मांडले की खांद्याच्या छपराचे पुढचे टोक कंडरेवर घासते आणि ती झिजते. म्हणून ते टोक तासावे. कल्पना पटण्यासारखी होती. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्यावर तर ती जगभर पसरली. या दुर्बिणीचे मूळ जपानात आहे. तोक्योच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. तिथून निघालेले तंत्र पुढे खांद्यापर्यंत आले आणि छप्पर तासणे हे बारीक छिद्रांतून होणारे काम झाले. मग ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचे छप्पर तासले, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्यावर काहीच केले नाही. हे रुग्ण कफ पूर्ण न फाटलेले, नुसते दुखणारे होते. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. छप्पर तासलेले आणि न तासलेले, दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. शेहेचाळीस वर्षांनी हिशेब लागला.

मोठ्या फाटीचे गणित याहून अवघड. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी फाटीची मापे ठरवली. एक सेंटिमीटरच्या आत लहान, तीनपर्यंत मध्यम, पाचपर्यंत मोठी आणि पाचापुढे अतिमोठी. पुढे कोणी म्हणाले, सेंटिमीटर काय मोजता, दोन किंवा अधिक कंडरा पूर्ण तुटल्या की ती अतिमोठी समजा. फ्रान्सच्या गूतालिए यांनी १९९४ साली आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली. कंडरा तुटून बरेच दिवस गेले की तिचा स्नायू बेकार होतो आणि त्याच्या धाग्यांत चरबी भरत जाते. त्यांनी त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या लावल्या. तिसऱ्या पायरीला चरबी आणि स्नायू निम्मेनिम, चौथीला चरबीच जास्त. असा स्नायू मागे आखडलेला असतो. ओढून आणून शिवला तरी त्याच्यात पूर्वीचे बळ येत नाही. भाईजानांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "विरलेल्या कापडाला सुई लागते, शिवण धरत नाही." डॉक्टरांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

आणि तरीही गंमत पाहा. २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या शल्यवैद्यांनी दुर्बिणीतून शिवलेल्या १८ मोठ्या फाटींची नंतर सोनोग्राफी केली. त्यातल्या १७ पुन्हा फाटल्या होत्या. म्हणजे शस्त्रक्रिया जवळजवळ सगळ्यांचीच फसली म्हणायची. पण रुग्णांना विचारले तर पहिल्या वर्षअखेर बहुतेकांचे दुखणे कमी होते आणि हातही वर जात होता! दुसऱ्या वर्षी हा फायदा काहीसा ओसरला. शिवण उसवली तरी माणूस सुखी, हे कोडे कसे सोडवायचे? टेक्सासच्या स्टीफन बर्कहार्ट यांनी दिलेले एक उत्तर मला आवडले. त्यांनी कफची तुलना झुलत्या पुलाशी केली. पुलाचा मधला भाग फाटला तरी दोन टोकांचे जाड दोर शाबूत असले तर भार वाहिला जातो. म्हणून सगळे भोक बुजवण्याचा हट्ट सोडून पुढचा आणि मागचा दोर तेवढा बांधून काढावा, असा अर्धा शिवण्याचा मार्ग त्यांनी १९९४ साली दाखवला. भोक राहते, पण तोल परत येतो.

जिथे तेवढेही जमत नाही तिथे काय? शल्यवैद्यांनी नाना वाटा शोधल्या. जन्मताना हाताची नस दुखावलेल्या मुलांसाठी न्यूयॉर्कच्या लेपिस्कोपो यांनी १९३४ साली पाठीचे स्नायू खांद्यावर वळवले होते. तीच कल्पना स्वित्झर्लंडच्या क्रिस्तियान गेर्बर यांनी १९८८ साली मोठ्या फाटीसाठी आणली. पाठीवरचा रुंद स्नायू सोडवून दंडाच्या गोळ्यावर बांधायचा. वयाने कमी, कष्टाची कामे करणाऱ्या निवडक रुग्णांना त्याचा उपयोग होतो.

दुसरी वाट ठिगळाची. डुकराच्या आतड्याच्या अस्तराचे ठिगळ अमेरिकेत काही काळ वापरले गेले. मुसलमान रुग्णाच्या मनात त्यावर प्रश्न उभा राहणारच. नाइलाज असेल तर जीव आणि शरीर वाचवायला मुभा आहे, असे आमचे जाणकार सांगतात. पण इथे नाइलाजाची वेळच आली नाही. २००६ साली तीस रुग्णांचा हिशेब छापून आला. ठिगळ लावलेल्या १५ जणांपैकी चौघांचा कफ जुळला होता, ठिगळ न लावलेल्या १५ पैकी नऊ जणांचा. ते ठिगळ मागे पडले.

जपानात ओसाकाच्या तेरुहिसा मिहाता यांनी वेगळा विचार केला. फाटका कफ सोडून द्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पडदा काढा आणि तो वाटीच्या वरच्या काठापासून गोळ्यापर्यंत ताणून बांधा, म्हणजे गोळा वर सरकणार नाही. २०१३ साली त्यांनी २४ खांद्यांचा अहवाल दिला. त्यात हात वर जाण्याची सरासरी ८४ अंशांवरून १४८ अंशांवर गेली होती. इतरत्र, विशेषतः दात्याच्या त्वचेचा पडदा वापरून, सगळ्यांना असे यश मिळाले नाही.

इस्राएलमध्ये तर फुगा निघाला. गोळा आणि छप्पर यांच्यामध्ये मिठाच्या पाण्याने भरलेला, वर्षभरात विरघळणारा फुगा ठेवायचा. काम सोपे, वेळ थोडा. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ११७ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांच्या खांद्यात दुर्बिणीने साफसफाई, निम्म्यांच्या खांद्यात साफसफाई आणि फुगा. फुगा नसलेलेच अधिक बरे आहेत असे दिसू लागले आणि परीक्षा मध्येच थांबवावी लागली. हा निकाल २०२२चा. त्याच वर्षी अमेरिकेत फुग्याची तुलना अर्धवट शिवण्याशी झाली, तेव्हा तो कमी ठरला नव्हता. म्हणजे कशाशी तुलना केली, हेही हिशेबात पाहावे लागते.

आता सांधा बदलण्याची गोष्ट. पॅरिसच्या पेआन यांनी १८९३ साली क्षयाने सांधा गेलेल्या एका ३७ वर्षांच्या पाववाल्याला प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे दोन वर्षांनी तो काढावा लागला. विसाव्या शतकात नीर यांनी धातूचा चांगला खांदा केला, पण तो कफ शाबूत असलेल्यांसाठी. कफच नसेल तर धातूचा गोळाही वर सरकणार. याची चावी सापडली फ्रान्समधल्या दिजों शहरात. पॉल ग्रामों यांनी १९८५च्या सुमारास सांधा चक्क उलटा केला. जिथे बशी होती तिथे गोळा आणि जिथे गोळा होता तिथे वाटी. त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली आला, आणि कफच्या मदतीवाचून एकटा डेल्टॉइड हात उचलू लागला. त्याआधीही उलटे सांधे करून पाहिले होते, नीर यांनीही. ते निखळत किंवा सैल होत. ग्रामों यांनी १९९१ साली आपला सांधा सुधारला आणि अमेरिकेने २००३ साली तशा सांध्याला परवानगी दिली. सत्तरीपुढच्या, सांधा झिजलेल्या, हात अजिबात वर न जाणाऱ्या माणसाला आज हा मोठा आधार आहे. मात्र त्यातही संसर्ग, निखळणे, हाड मोडणे असे धोके आहेत, आणि एकदा बसवला की मागे फिरता येत नाही.

एवढे वाचल्यावर तीन डॉक्टरांची तीन मते मला उमगली. फाट किती मोठी, किती जुनी, स्नायूत चरबी किती, सांधा झिजला का, माणसाचे वय आणि काम काय, यावर उत्तर बदलते. १९९५ सालच्या एका अमेरिकी पाहणीत तर साठीपुढच्या, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या लोकांपैकी ५४ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये कफ कमीअधिक फाटलेला दिसला होता. म्हणजे प्रत्येक फाट हा शत्रू नसतो. याउलट तरुण माणसाचा कफ पडून-झडून अचानक फाटला तर वेळ दवडू नये. स्नायू आखडण्याआधी शिवणे हेच बहुधा हिताचे असते.

भाईजानांनी तिसऱ्या डॉक्टरांचे ऐकले. पाठीवर झोपून हात उचलायचा, मग थोडे टेकून बसून, मग उभे राहून. डेल्टॉइडच्या पुढच्या भागाला हळूहळू तयार करायचे. सहा महिन्यांनी हात कानापर्यंत गेला. तागा अजून मुलगाच काढून देतो. नाही जमले असते तर उलटा सांधा होताच, आणि त्यांची तयारीही होती. सगळ्यांना व्यायाम पुरेल असे मी म्हणणार नाही; दुखण्याने झोप नसलेल्या किती तरी जणांना शस्त्रक्रियेनेच सुख मिळाले आहे.

कॉडमन १९४० साली वारले. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना पुरले, पण कबरीवर नावाचा दगड नव्हता. आमच्याकडे कच्ची, बिननावाची कबर नवी नाही; तिथे मात्र ती विस्मरणाची खूण होती. २०१४ साली शल्यवैद्यांच्या संस्थांनी पुढाकार घेऊन तिथे दगड बसवला. तोवर शस्त्रक्रियांचे परिणाम मोजणे, सांध्यांच्या नोंदवह्या ठेवणे हा जगभरच्या चांगल्या रुग्णालयांचा नेम झाला होता.

आपण कॉडमन होऊ शकत नाही, पण त्यांचा प्रश्न विचारू शकतो. घरातल्या कुणाला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर खर्च विचारतो तसेच अदबीने हेही विचारावे: डॉक्टरसाहेब, हे तुम्ही किती जणांवर केले? एका वर्षाने त्यातले किती जण आपल्या हाताने डोक्यावरून सदरा काढू शकतात? आणि काहीच केले नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तो कपाटातून आपली वही काढतो.